आठवी ‘ब’ची फिरती ढाल

डोमाजी नाकाडे मास्तर शाळेत दोन हप्त्यांत यायचे. आधी त्यांचा आवाज यायचा, मग ते स्वतः. आवाज फाटकातून आत शिरून, कडुलिंबाला वळसा घालून ऑफिसात मस्टरवर सही करायच्या बेतात असायचा, तेव्हा कुठे रस्त्यावर त्यांची सायकल दिसायची. सायकलवर माणूस बसला आहे हे तर अगदी जवळ आल्यावरच कळायचं, इतके ते काटकुळे. एवढा मोठा आवाज एवढ्याशा माणसात देवाने बसवला कसा आणि बसवताना त्याची घडी कशी घातली, हा आमच्या स्टाफरूममधला कायमचा प्रश्न होता.

आमची शाळा मिशनची. ब्रह्मपुरीहून एसटीने अर्ध्या तासावर, चहूकडे बांध्या, म्हणजे धानाची शेतं, आणि मध्ये शाळा. गावात कॅथलिक म्हणाल तर फादर, चार सिस्टर आणि चर्चची घंटा. बाकी पोरं कुणब्यांची, बौद्धांची, आणि वसतिगृहात राहणारी गोंडांची. पण मिशनच्या शाळेत शिस्त असते, या एका शब्दापायी लोक दहा-दहा मैलांवरून पोरं आणून आमच्या हवाली करायचे आणि निश्चिंत मनाने परत जायचे. आपण कुणाच्या हवाली करतोय हे त्यांना माहीत नसायचं.

शाळेला खोल्या कमी पडत, म्हणून धान ठेवायच्या एका लांबलचक गोदामात बांबूचा तट्टा उभा करून त्याचे दोन वर्ग केले होते. अलीकडे आठवी ‘ब’, नाकाडे मास्तरांची. पलीकडे नववी, तिथे मी बीजगणित शिकवायचो. तट्टा बुरडाने चांगला घट्ट विणलेला होता, पण आवाजाला तट्टा काय करणार? त्यातून पोरांनी बोरं इकडून तिकडे पोचवण्यासाठी त्याला एक भोक पाडलं होतं. ते बुजवायचं मी रोज ठरवत असे.

नाकाडे मास्तर इतिहास-भूगोल शिकवायचे, पण त्यांचा खरा जन्म नाटकातला. दिवाळीनंतर धान निघालं की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते आणि मंडईला रात्रभर नाटक होतं. त्या नाटकांत गेली वीस वर्षं मास्तर खलनायक होते. जुलमी जहागीरदार, सुनेला छळणारा सासरा, दारुडा भाऊ, झालंच तर एखादा राक्षस. माइकला ते कुबडी म्हणायचे. शेवटच्या बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, बसलेल्या म्हाताऱ्याला ऐकू गेलं नाही तर ते नाटकच नाही, असं त्यांचं साधं शास्त्र होतं. हेच शास्त्र त्यांनी वर्गात आणलं. वर्गात शेवटच्या बंडीच्या जागी शेवटचा बाक होता, एवढाच फरक.

त्यांची पद्धत अशी. धडा सांगून झाला की ते फळ्यापुढे उभे राहत आणि दोन्ही हात खालून वर उचलत, जणू धानाचं पोतं कुणाच्या डोक्यावर चढवताहेत. हात वर गेले की साठेक पोरांनी एका दमात बोलायचं.

“वैनगंगा कोनाले भेटते?”

“वर्धेले!”

“अन् दोघी मिळून का होते?”

“प्राणहिता!”

या ‘प्राणहिता’ला गोदामाची कौलं हलायची, कबुतरं उडायची आणि पलीकडे माझ्या वर्गात क्ष आणि य आपली जागा सोडून पळायचे. एकदा मी एका पोराला उभं करून क्षची किंमत विचारली, तर तो भाबडेपणाने म्हणाला, “प्राणहिता.” माझ्या वर्गाला बीजगणितात कधी बरे गुण पडले नाहीत, पण भूगोलात ती पोरं सगळ्या तालुक्याला ऐकत नसत. फाटकासमोर थांबणाऱ्या एसटीचा कंडक्टरसुद्धा खिडकीतून विचारायचा, “का मास्तर, आटपले का गुप्त राजे, का अजून चालूच?”

मी एकदा त्यांना स्टाफरूममध्ये म्हटलं, “अहो नाकाडे, एकेकाला उभं करून विचारा की. सगळी फौज एकदम कशाला?”

“वामनराव,” ते म्हणाले, आणि कपाटावरची धूळ खाली आली. “एकल्या पोट्ट्याले उभं केलं का त्याचे पाय लटलट कापते. मंग उत्तर पायातून येईन का? साठ जनाइत बोलाले भेव वाटत नाई. ते सोमारी पाहा तुमी.”

सोमारी कोरचीकडच्या जंगलातली. वसतिगृहात राहायची. घरी गोंडी बोलणारी ही पोर पाचवीपासून आमच्या शाळेत होती आणि तीन वर्षांत कुठल्याच शिक्षकाने तिचा आवाज ऐकला नव्हता. नाव विचारलं तरी ती फ्रॉकच्या टोकाला गाठ मारत उभी राहायची. सिस्टर म्हणायच्या, मुकी असेल. आठवीत ती नाकाडे मास्तरांच्या वर्गात आली. पहिले काही दिवस हात वर गेले की नुसते ओठ हलायचे. मग एक दिवस तट्ट्याच्या भोकातून मी पाहिलं, ‘प्राणहिता’ म्हणताना तिच्या मानेची शीर फुगली होती आणि डोळे मिटले होते. साठांत तिचा आवाज वेगळा कळत नव्हता. पण होता. मास्तर मात्र मधल्या सुट्टीत शपथेवर सांगायचे, “मले आयकू आला जी! बारीक हाय, पन खणखणीत!”

असं सगळं सुरळीत बिघडलेलं असताना १९८४च्या जुलैमध्ये आमचे हेडमास्तर फादर कुरियाकोस बंगळूरचं शिबिर करून परतले.

फादर केरळचे. माणूस सोन्यासारखा. वसतिगृहातल्या पोरांचे खरूज झालेले हात स्वतः धुवायचे, तापात रात्ररात्र उशाशी बसायचे, आणि स्वतःला हिवताप आला की गोधडी पांघरून कुडकुडत शाळेच्या जमाखर्चाला बसायचे. त्यांचं मराठी पुस्तकातून आलेलं होतं, त्यामुळे आमच्या कुणाहीपेक्षा शुद्ध होतं. ते बोलू लागले की आम्हीच आपापल्या मराठीला लाजायचो.

बंगळूरहून त्यांनी ‘वर्गातील वातावरण’ ही वस्तू आणली. तोवर वातावरण म्हणजे पाऊस येणार की नाही, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. फादरांनी समजावलं की वर्गातलं वातावरण शांत, स्वच्छ आणि प्रसन्न असेल तरच मूल शिकतं. त्यासाठी दर महिन्याला सगळ्यांत चांगल्या वर्गाला फिरती ढाल. ढाल गावातल्या झाडू सुताराने केली, अस्सल आलापल्लीच्या सागवानाची. झाडूने जन्मभर बंड्या आणि दाराच्या चौकटीच केल्या होत्या, त्यामुळे ढालीलाही त्याने चौकटीचीच जाडी दिली. ती उचलायला दोन पोरं लागायची, आणि ज्या वर्गाच्या दाराला टांगली ते दार तिच्या वजनाने आपोआप मिटायचं.

शांतता मोजायची फादरांची पद्धत सोपी होती. ते कडुलिंबाखाली उभे राहत आणि कान देत. जो वर्ग ऐकू येणार नाही त्याला पैकीच्या पैकी. शिवाय प्रार्थनेच्या वेळी त्यांनी सगळ्या शाळेला एक खूण शिकवली. शिक्षकांनी हात वर केला की मुलांनी लगेच हाताची घडी, तोंडावर बोट. सातशे पोरं एकदम गप्प झाली तेव्हा फादरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आठवी ‘ब’ तेवढी गोंधळली, कारण त्यांच्याकडे हात वर जाण्याचा अर्थ आजवर नेमका उलटा होता.

कडुलिंबाखालून आठवी ‘ब’ ऐकू येत होती. खरं तर एसटी स्टँडवरूनही येत होती. जुलै, ऑगस्ट, दोन्ही महिने ढाल इतरांकडे गेली. सप्टेंबरात फादरांनी नाकाडे मास्तरांना बोलावलं. मी हजेरीच्या कामासाठी तिथेच बसलो होतो.

“नाकाडे सर, आपला वर्ग अत्यंत उत्साही आहे.”

“हाव फादर!”

“कृपया किंचित हळू.”

“हे हळूच होय जी.”

फादरांनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी फार नरम शब्दांत जे सांगितलं ते असं. पुढच्या वर्षी नववीची मुलं बोर्डाच्या परीक्षेला बसतील, पालक तक्रार करतात, तट्ट्याऐवजी भिंत बांधायला मिशनकडे सोय नाही. नाताळपर्यंत एकदा तरी ढाल आठवी ‘ब’च्या दारावर लागली तर ठीक. नाही तर वर्ग सिस्टरांकडे जाईल आणि नाकाडे सरांनी ग्रंथालय सांभाळावं.

आमचं ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट. त्याची किल्ली हरवली होती.

मास्तर बाहेर आले तेव्हा चेहरा शेवटच्या अंकात डाव उलटलेल्या सासऱ्यासारखा पडला होता. “वामनराव, कपाटाले का शिकवू जी मी?” ते म्हणाले. नेहमीप्रमाणे ते अख्ख्या शाळेने ऐकलं, आणि आठवी ‘ब’नेही.

मग सुरू झाले प्रयत्न. मास्तरांनी आधी कुजबुजून शिकवायचं ठरवलं. पण त्यांची कुजबूज नाटकातली. खलनायक कट करतो ती, शेवटच्या बंडीपर्यंत पोचणारी. आठवडाभर आमच्या कानांना वाटत राहिलं की तट्ट्यापलीकडे कुणाच्या तरी खुनाचा बेत शिजतोय. ढाल मिळाली नाहीच, वर माझ्या नववीची मुलं भ्यायला लागली. नंतर त्यांनी मुलांना म्हटलं, बोला, पण आवाज न काढता, नुसत्या तोंडाने. हात वर गेले, साठ तोंडं एकदम मासोळीसारखी उघडली आणि मिटली. ते पाहून आधी मास्तरांनाच हसू फुटलं आणि त्यानंतर जे झालं ते कडुलिंबाखालून फादरांनी ऐकलं. त्या महिन्यात आठवी ‘ब’ सगळ्यांत खाली गेली. शेवटी त्यांनी वर्गच उचलून नाल्याकाठी नेला. तिथे हवं तेवढं ओरडा. पोरं ओरडली, मग नाल्यात उतरली, आणि दुपारी ओल्या चड्ड्यांनी झिंगे घेऊन परत आली. झिंगे सिस्टरांनी तळले. फादर फक्त म्हणाले, “नाकाडे सर.” त्यात सगळं आलं.

आम्ही सगळे हसायचो. नाकाडेही हसायचे. पण मला तट्ट्यातून कळत होतं की आवाज बसत चाललाय. दिवसभर कुजबूज करणं त्या गळ्याला मानवत नव्हतं. त्यात दिवाळी झाली, मंडया लागल्या आणि मास्तर पुन्हा जहागीरदार झाले. शाळेत दाबलेला आवाज ते रात्री पुरता वसूल करत. एका सकाळी सायकल आली, आधी आवाज आला नाही. मी ऑफिसातून घाबरून बाहेर धावलो. मास्तर सायकलवरून उतरले, तोंड उघडलं, आणि त्यातून जुन्या कंदिलाची कळ फिरवल्यासारखी खरखर बाहेर आली.

मग गावाने उपाय सुरू केले. ज्येष्ठमध, हळद, मोहाचा काढा, कुणी तर बेडकाचं नाव घेतलं. गंमत अशी की मास्तरांचा आवाज गेल्यावर लोक त्यांच्याशीच मोठ्याने बोलू लागले, जणू ते बहिरे झाले आहेत. त्यांच्या पत्नी बायनाबाई मला फाटकाशी गाठून सांगू लागल्या.

“भाऊ, घरात इतकं सुमसाम झालं ना जी, का शेजारीन इचाराले आली, काऊन, मास्तर गावाले गेले का? मी म्हटलं, नाई वो, इथीच बसून राह्यले भितीले पाट लावून.”

“येईल हो आवाज.”

“लग्न झालं तवापासून म्हनत होती मी, जरा हळू बोलत जा,” त्या म्हणाल्या. “आता मले मेलीले वाटते, काऊन म्हनलं.” पदराने डोळे पुसले आणि लगेच बाजाराच्या पिशवीत तोंड घातलं.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी आरसा घालून घसा पाहिला. आवाजाच्या तारांवर गाठी आल्या आहेत, म्हणाले. बोलणं बंद. कुजबूजही बंद, ती तर सगळ्यांत वाईट. आवाज परत येईल का, यावर डॉक्टरांनी खांदे उडवले. मी सोबत होतो. परतीच्या एसटीत तो नेहमीचा कंडक्टर होता. त्याने सवयीने विचारलं, “का मास्तर, गुप्त राजे?” मास्तरांनी हसून हाताने ‘संपले’ अशी खूण केली. कंडक्टर पुढची सगळी तिकिटं न बोलता फाडत गेला.

दुसऱ्या दिवशी मास्तर वर्गात गेले. खडू घेतला आणि फळ्यावर लिहून शिकवू लागले. नकाशे काढले, हातवारे केले. आणि काय सांगू, वर्ग गप्प बसला. कुणी सांगितलं नव्हतं. मास्तरांचा घसा खरखरला तरी तो ऐकू यावा म्हणून पोरांनी पाय घासणं बंद केलं. खोकला आला तर पोरं बाहेर जाऊन खोकू लागली. त्यात ग्रंथालयाची गोष्ट त्यांना ठाऊक होतीच. आपण गप्प राहिलो तर मास्तर आपल्यापाशी राहतील, एवढं गणित त्यांनी केलं, आणि माझ्या नववीला जे कधी जमलं नाही ते त्यांचं बरोबर आलं. दाराशी एक पोरगा उभा राहून कुणी बोललं की चिमटा काढायचा. त्याला चिमटे काढायची वेळच येईना.

पलीकडे माझी नववी हवालदिल झाली. पहिल्यांदाच मला क्ष, य सगळे जागेवर सापडत होते, आणि पोरं तट्ट्याकडे पाहत बसली होती. एकाने विचारलंच, “सर, तिकडे आज कोनी नाई का जी?”

डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीआधी फादर कडुलिंबाखाली उभे राहिले. बराच वेळ राहिले. मग स्वतः चालत गोदामात आले. मागून दोन पोरं ढाल वाहत होती. मी भोकाला डोळा लावला.

“नाकाडे सर,” फादर म्हणाले. “मी तेथे उभा होतो, तेव्हा मला केवळ पानांचा आवाज येत होता. आपण आजारी असूनही हे वातावरण निर्माण केलेत. मी आपल्याला ग्रंथालयाविषयी बोललो, त्याबद्दल क्षमा मागतो. हा वर्ग आपलाच राहील. पुढच्या वर्षीही.”

त्यांनी मास्तरांचे दोन्ही हात हातात घेतले. मास्तर मान हलवत राहिले. आता ती ‘हो’ होती का ‘नाही’, हे फादरांना कळायला मार्ग नव्हता. ढाल दारावर टांगली. फादर बाहेर पडले, आणि दार सागवानाच्या वजनाने हळूहळू मिटलं.

वर्ग मास्तरांकडे पाहत होता. टाळ्यासुद्धा वाजवल्या नव्हत्या कुणी. साठ चेहरे आनंदाने फुगले होते आणि त्यातून चकार शब्द निघत नव्हता. आपण मास्तरांना वाचवलं, हे त्यांच्या डोळ्यांत मावत नव्हतं.

मास्तर फळ्याकडे वळले. त्यांनी दोन रेघा काढल्या, वरून येणाऱ्या आणि खाली मिळणाऱ्या. वैनगंगा, वर्धा. नावं लिहिली नाहीत. रेघा जिथे मिळतात तिथे खडू टेकवला, वर्गाकडे तोंड केलं आणि दोन्ही हात खालून वर उचलले, पोतं चढवल्यासारखे, पहिल्यासारखे.

साठ पोरांनी तत्काळ हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं.

मास्तर हात तसेच धरून उभे राहिले. त्यांची नजर तिसऱ्या बाकावर गेली. सोमारीचं तोंड उघडलं होतं. जीभ वर टेकली होती, मानेची शीर फुगायला लागली होती. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कुणीच बोलत नव्हतं. तिने तोंड मिटलं आणि सगळ्यांसारखं बोट ठेवलं.

मास्तरांनी मान जोरात हलवली. पुन्हा हात उचलले. पोरांना वाटलं, आपली घडी सैल पडली. त्यांनी ती आणखी घट्ट केली.

शेवटी त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर, नदीच्या शेजारी, मोठ्या अक्षरात लिहिलं: बोला.

वह्या उघडल्या. साठ पेन कागदावर चालू लागले, आणि तट्ट्यातून इकडे तेवढाच आवाज आला, धानात उंदीर फिरावा तसा. पोरं ‘बोला’ हा शब्द वळणदार अक्षरात उतरवून घेत होती. सोमारीने त्याखाली पट्टीने रेघही मारली.

मास्तरांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग डस्टर उचललं आणि फळा पुसला. वर्ग पेन सरसावून, पुढची ओळ कधी येते म्हणून त्यांच्याकडे बघत बसला.